गाडी गॅरेजमध्ये असताना
(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली होती. म्हणाले, "आठवणी सगळेच सांगणार आहेत. तू काहीतरी उपयोगाचं सांग." माझा व्यवसाय सॉफ्टवेअरचा, पण त्याबद्दल बोलले तर जेवणाआधीच निम्मे लोक झोपतील. म्हणून आपल्या व्हॉट्सॲप गटावर वर्षभरात पुन्हा पुन्हा आलेला एक प्रश्न मी घेतला आहे. "गाडी ठोकली गेली. गॅरेजवाला तारीख देत नाही. रोज भाड्याची गाडी परवडत नाही. काय करू?" कधी हा प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारला, कधी कोणाच्या भावाने, मेव्हण्याने. मी प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर लिहीत बसले. आज सगळ्यांना एकदम सांगते.

मला हे कळण्याचं कारण म्हणजे आमच्यावरही तीच वेळ आली. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. दिंडोरी रोडला एका चौकात टोमॅटोचे क्रेट घेऊन बाजार समितीकडे निघालेली एक पिकअप आमच्या गाडीच्या उजव्या बाजूवर आली. देवाच्या कृपेने कोणाला खरचटलंही नाही. पुढचा दिवा, बंपर, फेंडर, उजवा दरवाजा आणि चाकामागचं सस्पेन्शन मात्र गेलं. गाडी सहा वर्षांची. आणि घरात वडिलांचं डायलिसिस, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, चुकवून चालणार नाही असं. त्यामुळे "येईल तेव्हा येईल गाडी" असं म्हणायची सोय नव्हती.

गाडी परत मिळायला ६१ दिवस लागले. मी माझ्या धंद्याच्या सवयीने रोजची नोंद ठेवली होती, ती आधी सांगते. विम्याच्या सर्व्हेअरने गाडी बघून मंजुरी येईपर्यंत ७ दिवस. गाडी खोलल्यावर आतलं आणखी नुकसान दिसलं, त्याचं पुरवणी एस्टिमेट आणि पुन्हा मंजुरी, ६ दिवस. सुटे भाग येण्याची वाट, ३४ दिवस. शेवटची तपासणी, बिल आणि विमा कंपनीचं पैसे देण्याचं पत्र, ५ दिवस. आणि माणसांचे हात गाडीला प्रत्यक्ष लागले ते दिवस किती? ९. सरळ करणं, पुट्टी, प्रायमर, रंग, जोडणी, चाकांचं अलाइनमेंट, सगळं मिळून नऊ.

म्हणजे ६१ पैकी ५२ दिवस गाडी नुसती उभी होती. आपण गॅरेजमध्ये जाऊन "काम लवकर करा" म्हणून आरडाओरडा करतो, तो त्या नऊ दिवसांसाठी. उशीर त्या नऊ दिवसांत नसतोच. तो असतो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जाण्यात, आणि गोदामातून भाग निघण्यात. म्हणून पहिली गोष्ट सांगते. "गाडी कधी मिळेल?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर कायम "आठ-दहा दिवसांत" असंच मिळतं. विचारायचं असं, "आत्ता गाडी कोणासाठी थांबली आहे?" सर्व्हेअरसाठी, मंजुरीसाठी, भागासाठी, की रंगाच्या बूथमध्ये जागा मिळण्यासाठी? यातलं एक उत्तर मिळालं की फोन कोणाला करायचा ते कळतं.

आपल्यातलाच एक जण अंबडला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतो. नाव घेतलं तर उद्यापासून सगळे त्याच्याकडे उधारीत जातील, म्हणून घेत नाही. त्याने मला एक गोष्ट समजावली. पहिलं एस्टिमेट गाडी बाहेरून बघून केलेलं असतं. बंपर काढल्यावर मागची पट्टी वाकलेली दिसते, दरवाजा उघडल्यावर बिजागरी तुटलेली दिसते. मग पुरवणी एस्टिमेट, सर्व्हेअर पुन्हा, मंजुरी पुन्हा, आणि भागांची ऑर्डर पुन्हा. दोन ऑर्डरींमध्ये आठवडा जातो. त्याचा सल्ला असा की, पहिल्याच पाहणीला गाडी पूर्ण खोलून ठेवायला सांगा, आणि सर्व्हेअर येईल तेव्हा तुम्ही स्वतः तिथे उभे राहा. जे तुटलंय ते सगळं एकाच यादीत आलं की एक फेरी वाचते.

आता भागांबद्दल. आपलं गाव गाड्यांचं गाव. सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनतात, बॉशचे इंजेक्टर बनतात. आपल्या तोंडी ती कंपनी अजून मायकोच आहे, कारण वर्गातल्या कितीतरी जणांचे बाबा त्याच बसने कामाला जायचे. अशा गावात एका हेडलॅम्पसाठी महिना थांबायचं हे मला पटत नव्हतं. पण आमची गाडी इथली नाही, आणि तिचं मॉडेल बंद झालेलं. बंद मॉडेलचे भाग गावोगावी कोणी साठवून ठेवत नाही. ते एखाद्या मोठ्या गोदामात असतात, किंवा पुरवठादाराकडून पुन्हा बनून यावे लागतात. आजच्या हेडलॅम्पमध्ये काच आणि बल्ब एवढंच नसतं, मोटर आणि चिपही असते. २०२१मध्ये जगभर चिपचा तुटवडा पडला तेव्हा नव्या गाड्यांच्या कारखान्यांनाच उत्पादन कमी करावं लागलं होतं. जुन्या गाडीच्या भागाचा नंबर त्यानंतर.

याला आणखी एक कारण आहे. पुष्कळ भाग फक्त कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच मिळायचे, बाहेरच्या गॅरेजला नाही. त्याबद्दल तक्रार होऊन भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. अस्सल भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात उपलब्ध करा, असाही आदेश होता. पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण त्या निकालाने एक गोष्ट सरकारी कागदावर आली. गाडी विकल्यानंतर ग्राहक भागांसाठी कंपनीच्या हातात अडकतो. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनं हा एक विभाग आहे.

भाग अडकला तर काय करायचं? तोंडी काहीही करायचं नाही. गॅरेजच्या व्यवस्थापकाला ईमेल लिहायचा आणि त्यात तीनच गोष्टी विचारायच्या. अडकलेल्या भागाचा क्रमांक काय, त्याची ऑर्डर कोणत्या तारखेला नोंदवली, आणि गोदामाने दिलेली अपेक्षित तारीख कोणती. मी हे विचारलं आणि उत्तर आलं, तेव्हा २६ दिवस होऊन गेले होते. ते उत्तर जसंच्या तसं जोडून मी गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहिलं. रागाचा एक शब्द नाही. फक्त तारखा, आणि घरात डायलिसिसचा रुग्ण आहे हे एक वाक्य. आठव्या दिवशी दुसऱ्या राज्यातल्या गोदामातून तो दिवा नाशिकला आला. कोणी उपकार केले नाहीत. भाग होता, फक्त कोणी शोधला नव्हता. आमच्या मराठीच्या बाई पत्रलेखन शिकवताना म्हणायच्या, "विषय एका ओळीत, मागणी एका ओळीत." बाई, तीस वर्षांनी ते गुण मिळाले.

आता भाड्याच्या गाडीकडे येते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात आणि आपल्याला कळतही नाही. गॅरेजने सुरुवातीला "आठ-दहा दिवस" सांगितलं होतं, म्हणून आम्ही स्वतः चालवायची गाडी भाड्याने आणली. दिवसाला २,००० रुपये, पेट्रोल आपलं. पाचव्या दिवशी मंजुरीच आली नव्हती, तेव्हा मी कागद घेऊन बसले. आपल्याला 'गाडी' लागते असं आपण म्हणतो. खरं तर आपल्याला काही ठरावीक फेऱ्या लागतात. त्या फेऱ्या लिहून काढल्या. आठवड्याला तीन डायलिसिस. तीन दिवस ऑफिस. नेफ्रॉलॉजिस्टकडे मुंबईला एक खेप. पुण्याला एक लग्न. बाकी दूध-भाजी, बँक.

सहाव्या दिवशी भाड्याची गाडी परत केली. त्या गाडीचे सहा दिवसांचे १२,००० झाले. पुढचे ५५ दिवस असे काढले. डायलिसिसला एक ओळखीचा रिक्षावाला ठरवला, जाऊन-येऊन ४०० रुपये, २४ वेळा, ९,६००. तो वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात असायचा आणि बाबांना हात धरून उतरवायचा. स्वतः चालवलेल्या गाडीत पार्किंग शोधताना ते कधीच जमत नव्हतं. ऑफिसला सिटीलिंक बस आणि शेवटच्या टप्प्याला रिक्षा, २३ दिवसांचे २,७६०. मुंबई आणि पुणे या दोन खेपा ड्रायव्हरसहित टॅक्सीने, ११,५००. किरकोळ २,६४०. बेरीज २६,५००. आधीचे १२,००० धरून ३८,५००. भाड्याची गाडी ६१ दिवस ठेवली असती तर १,२२,००० झाले असते, आणि वर पेट्रोल. फरक ८३,५००चा. गणिताचे सर समोर आहेत म्हणून बेरीज दोनदा तपासली आहे.

प्रत्येकाला हेच जमेल असं नाही. ज्याला रोज सिन्नरला किंवा इगतपुरीला फॅक्टरीत रात्रपाळीला जायचंय, त्याला गाडीच लागेल. त्याने दिवसाच्या दराने न घेता महिन्याच्या दराने घ्यावी. मासिक दर पुष्कळ कमी पडतो, आणि आधी परत केली तर काय, हे लिहून घ्यावं. आणखी एक काळजी घ्या. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या कायदेशीर गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी "आपलीच आहे, घेऊन जा, रोजचे हजार द्या" म्हणून देत असेल, तर घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने वापरली आणि अपघात झाला, की विमा कंपनी हात वर करायला मोकळी होते. आधीच एक गाडी गॅरेजमध्ये आहे, दुसरीचं लचांड कशाला?

हे भाडं विम्यातून मिळतं का? हा सगळ्यांचा प्रश्न. नेहमीच्या पॉलिसीत नाही. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत गाडीच्या नुकसानीच्या भागात पहिल्याच अपवादात लिहिलेलं असतं की परिणामी नुकसानाची जबाबदारी कंपनीवर नाही. गाडी नसल्यामुळे झालेला खर्च हे परिणामी नुकसान. त्यासाठी वेगळा जादा हप्ता भरून दैनिक भत्त्याचं कलम घेता येतं. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. ते घ्यायच्या आधी तीन आकडे बघा. रोज किती रुपये, जास्तीत जास्त किती दिवस, आणि सुरुवातीचे किती दिवस वगळलेत. दिवसांना मर्यादा असतेच. साठ दिवसांचा उशीर ते भरून काढणार नाही, पण पहिला धक्का सोसायला मदत होते.

दुरुस्तीच्या बिलातला आपला वाटा हा दुसरा धक्का. आमचं बिल १,८६,००० झालं आणि आमच्या खिशातून ६५,००० गेले. लोक म्हणतात, "विमा आहे ना, मग पैसे कसले?" पैसे घसाऱ्याचे. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यांच्यावर ५० टक्के कपात. फायबरग्लासवर ३० टक्के. पत्र्याच्या आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पहिले सहा महिने काही नाही, मग ५, १०, १५, २५, ३५ असं वाढत पाच वर्षांनंतर ४० आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के. त्यावर सक्तीची वजावट, १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,०००. शून्य घसाऱ्याचं कलम घेतलं असेल तर बहुतेक कपात टळते, पण गाडीचं वय पाच वर्षांच्या पुढे गेलं की ते मिळणं अवघड होत जातं.

काचेवर मात्र कपात शून्य असते. आमच्या पहिल्या हिशोबात दरवाजाची काच प्लास्टिकच्या रांगेत लावून निम्मी कापली होती. ४,२०० रुपयांची काच, २,१०० कमी दिले होते. मी हिशोबाचा कागद मागून घेतला, ओळीन् ओळ वाचली, एक ईमेल केला आणि ते २,१०० मिळाले. रक्कम लहान आहे. पण तो कागद मागायचा आपला हक्क आहे, आणि तो शंभरातले नव्वद लोक मागतच नाहीत, असं मला तो देणाऱ्या माणसानेच सांगितलं.

आणखी एक हिशोब दाव्याच्या आधी करायचा. स्वतःच्या गाडीचा दावा केला की नो-क्लेम बोनस जातो. पाच वर्षं दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. त्यामुळे बंपरला ओरखडा आणि पाच-सात हजारांचं काम असेल तर दावा न केलेला बरा. आणि मोठं नुकसान असेल तर उलटा हिशोब. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर जात असेल तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. आमची आयडीव्ही ४,१०,००० होती, म्हणजे सीमा ३,०७,५००. म्हणून आमची दुरुस्तीच होणार हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुमचं एस्टिमेट त्या सीमेच्या जवळ असेल तर भागांची ऑर्डर जाण्याआधी हे बोलणं पूर्ण करा. नाहीतर महिनाभर थांबून शेवटी "गाडी टोटल लॉस" असं ऐकायला मिळतं.

आता तक्रारीची शिडी. विमा नियामकाच्या जून २०२४च्या परिपत्रकाप्रमाणे दावा कळवल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यायचा. हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. यातली मुदत चुकली तर आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. मग नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नाशिकसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. एक वर्षाच्या आत जायचं.

पण लक्षात घ्या, हे सगळे नियम विमा कंपनीला बांधतात, गॅरेजला नाही. भाग किती दिवसांत आलाच पाहिजे असा नियम नाही. गॅरेजविरुद्ध किंवा गाडी कंपनीविरुद्ध जायचं तर ग्राहक कायदा. आधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. तिथे उशीर हा शब्द उपयोगाचा नाही. तिथे तारखा लागतात, ईमेल लागतात, रिक्षा-टॅक्सीच्या पावत्या लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक फोल्डर करा आणि प्रत्येक पावतीचा फोटो त्यात टाका. रिक्षावाल्याला पैसे यूपीआयने द्या, पावती आपोआप तयार होते.

शेवटी त्या पिकअपबद्दल. यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली.

चूक त्याची होती, याबद्दल तोही वाद घालत नव्हता. चौकात जमलेल्या लोकांनी नेहमीप्रमाणे "पाच हजार घ्या आणि मिटवा" म्हटलं. आम्ही पैसे घेतले नाहीत, कशावर सही केली नाही, फक्त त्याच्या गाडीचे कागद, विम्याचा क्रमांक आणि फोटो घेतले. हे कोणीही करावं. विम्यातून न मिळालेली रक्कम, म्हणजे घसारा, वजावट, भाड्याचा खर्च, समोरच्याकडून मागता येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. जखमी आणि मृतांप्रमाणेच मालमत्तेच्या नुकसानीचेही दावे तिथे चालतात. मुदत अपघातापासून सहा महिने. समोरच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. भाड्याचे पैसे मिळतीलच असं नाही. गरज होती आणि खर्च वाजवी होता, हे सिद्ध करावं लागतं. पण मागता येतात.

पंधरा दिवसांनी मी कागदांसाठी त्या माणसाला फोन केला. दिंडोरी तालुक्यातला शेतकरी, पिकअप स्वतःची. म्हणाला, "ताई, माझी गाडी पण गॅरेजला पडलीय." त्याचा विमा फक्त थर्ड पार्टी. म्हणजे आमच्या गाडीला संरक्षण, त्याच्या स्वतःच्या गाडीला काही नाही. ऐन हंगामात टोमॅटो रोज तोडावा लागतो, म्हणून तो दुसऱ्याची पिकअप खेपेच्या भाड्याने लावत होता, आणि त्या दिवसांत क्रेटला मिळणाऱ्या भावात भाडं वजा करून हातात काय उरतं ते त्याने मला सांगितलं. आमच्या बाबांना रिक्षा मिळत होती. त्याचा माल मात्र रिक्षात बसत नव्हता.

आम्ही न्यायाधिकरणात गेलो नाही. बाबांनी ठरवलं, आणि मला ते पटलं. आमचं नुकसान आम्हाला जड गेलं, पण आम्ही बुडलो नाही. तुमच्यापैकी कोणी वेगळं ठरवेल आणि तेही बरोबर असेल. दावा खरं तर त्याच्या विमा कंपनीवर पडला असता, असं आपला वकील मित्र मला आजही ऐकवतो, आणि त्याचं म्हणणं चूक नाही. पण कोर्टाच्या तारखांना त्यालाही यावं लागलं असतं, तोडणी टाकून. माझं एवढंच म्हणणं आहे की सोडून द्यायचं असेल तर हक्क माहीत असून सोडा. हक्कच माहीत नसल्यामुळे सुटला, तर त्याला मोठेपणा म्हणता येत नाही.

त्याला मात्र मी एक गोष्ट सांगितली, तीच इथे सांगते. ज्याची गाडी हेच पोट आहे, रिक्षा असो, टेम्पो असो, शाळेची व्हॅन असो, त्याने नुसता थर्ड पार्टी विमा घेऊन थांबू नये. आपण गाडी नसली तर बसने जातो. त्याची गाडी थांबली की घर थांबतं. तुमच्या ओळखीच्या अशा एका माणसाची पॉलिसी या महिन्यात वाचून बघा. इंग्रजीत असते, बारीक अक्षरात असते. आपल्याला शाळेने वाचायला शिकवलंय, ते तिथे कामाला येऊ द्या.

आता आवरतं घेते. पॉलिसी घेताना घसारा आणि दैनिक भत्ता हे दोन शब्द शोधा. अपघातानंतर फोटो, समोरच्याचे कागद, आणि विमा कंपनीला त्याच दिवशी फोन. पाहणीला स्वतः हजर राहा. गाडी कोणासाठी थांबली ते दर तीन दिवसांनी लेखी विचारा. भाड्याची गाडी घेण्याआधी फेऱ्या मोजा. हिशोबाचा कागद मागून घ्या आणि वाचा. एवढं केलं तर गाडी लवकर मिळेल असं मी म्हणत नाही, पण वाट बघताना खिसा आणि डोकं दोन्ही जाग्यावर राहतील.

हे छापील स्वरूपात स्मरणिकेत येणार आहे असं संयोजक म्हणाले, तेव्हा आकडे टिपून घेण्याची घाई करू नका. कोणाला पॉलिसी वाचायला मदत हवी असेल तर गटावर हाक मारा. आणि अंबडच्या मित्राचा नंबर कोणाला हवा असेल तर जेवताना माझ्या कानात विचारा.

सर, बाई, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. आमच्या वर्गाने तुमचं एवढं शांतपणे कधी ऐकलं नव्हतं.